पिपेट भरणारे यंत्र शाळेत हवे का?

अकरावी विज्ञानाच्या विद्यार्थ्यांनी या सत्रात आमच्यापुढे एक प्रस्ताव ठेवला आहे. ठरलेल्या मापाचे द्रव आपोआप उचलून ओळीने मांडलेल्या शिश्यांत सोडणारे लहानसे यंत्र, निदान त्याचा पहिला नमुना, शाळेच्या प्रयोगशाळेतच तयार करायचा. पालक सभेत आणि विश्वस्त मंडळींशी बोलताना यावर दोन मते ऐकू आली. ‘सहा मुलांत एक पिपेट, तिथे यंत्राचे चोचले कशाला?’ हे एक. ‘बाजारात तयार संच मिळतो, तो आणून वार्षिक प्रदर्शनात मांडा’ हे दुसरे. पहिल्या मताचा आम्ही आदर करतो. दुसरे आम्हांला मुळीच मान्य नाही.

असे यंत्र मोठ्या प्रयोगशाळांना का लागते, हे आधी पाहू. तेथे तळहाताएवढ्या प्लास्टिकच्या एका प्लेटमध्ये ९६ खळगे असतात, ८ ओळी आणि १२ रकाने. प्रत्येक खळग्यात तीन निरनिराळे द्रव घालायचे झाले तर एका प्लेटसाठी २८८ वेळा पिपेट चालवावे लागते. दोनशेव्या वेळेला माणसाचा हात चुकतो, आणि वाईट हे की चुकलेले त्याला कळतही नाही. २०२० साली करोनाच्या चाचण्यांचे नमुने ढिगाने येऊ लागले, तेव्हा हे काम यंत्राकडे देण्याचे महत्त्व सगळ्या जगाला दिसले.

आमच्या विद्यार्थिदशेत पिपेट तोंडाने ओढत. (आजही कोणी तसे करताना दिसला, तर सरांनी त्याला त्या दिवशी प्रयोगशाळेबाहेर उभे करावे. रबरी फुगा त्यासाठीच असतो.) जर्मनीत मारबुर्ग येथे हाइनरिख श्निट्गर या तरुण संशोधकाने १९५७ साली या पद्धतीला कंटाळून स्प्रिंग आणि दट्ट्या असलेले पिपेट तयार केले. आज जगभर अंगठ्याने दाबायचे जे पिपेट वापरतात, त्याचे मूळ तेच. त्याच वर्षी अमेरिकेत लेनर्ड स्केग्ज यांच्या कल्पनेवरून ऑटोॲनलायझर हे यंत्र बाजारात आले. बारीक नळ्यांतून रक्ताचे नमुने एकामागून एक वाहात आणि दोन नमुन्यांमध्ये हवेचा बुडबुडा भिंतीसारखा उभा राही. आमच्या दृष्टीने अधिक जवळची गोष्ट २०१७ सालची. स्टॅनफर्ड विद्यापीठातील संशोधकांनी लेगोच्या ठोकळ्यांतून आणि साध्या प्लास्टिकच्या सिरिंजमधून द्रव मोजणारे यंत्र उभे केले व ते शाळकरी मुलांकडून चालवून घेतले. मुलांनी काय केले? रंगीत पाणी मिसळले, कमी-जास्त मिठाच्या पाण्याचे थर एकावर एक रचले. म्हणजे काम शाळेच्या आवाक्यातले आहे.

आता आपल्या मुलांचा आराखडा. ६ मिमी जाडीचा आट्यांचा दांडा एक फेरा फिरला की त्यावरचा नट १ मिमी पुढे सरकतो. तो नट सिरिंजचा दट्ट्या ढकलतो. स्टेपर मोटर एक फेरा २०० टप्प्यांत पूर्ण करते. ५ मिलिलिटरच्या सिरिंजचा आतला व्यास १२ मिमी धरला, तर एका फेऱ्यात साधारण ०.११३ मिलिलिटर द्रव बाहेर पडते. १ मिलिलिटरसाठी सुमारे १७७० टप्पे. हा हिशेब मुलांनी फळ्यावर मांडला तेव्हा आम्हांला फार आनंद झाला. नववीचे गणित एवढ्या सरळपणे कामाला आलेले क्वचितच दिसते.

पण फळ्यावरचे पाणी आणि शिशीतले पाणी यांत अंतर असते. मोटरची दिशा उलटली की आट्यांतली ढिलाई आधी खाल्ली जाते, तेवढा वेळ दट्ट्या जागचा हलतच नाही. दट्ट्याचे रबर चिकटते आणि मग एकदम सुटते. नळीत बुडबुडा असला तर तो दाबला जातो, पाणी नाही. शेवटचा थेंब सुईच्या टोकाशी लोंबकळत राहतो. साधारण २० थेंबांचा १ मिलिलिटर होतो. म्हणजे हा एक थेंब राहिला तर ५ टक्के माप गेले. बारावीत पोटॅशियम परमँगनेटचे टायट्रेशन केलेल्या मुलांना थेंबाची किंमत सांगायला नको. फिकट गुलाबी रंग येणे न येणे एका थेंबावर असते.

म्हणूनच तयार संचाला आमचा विरोध आहे. त्यात या अडचणी दुसऱ्या कोणीतरी सोडवून ठेवलेल्या असतात. मुलाच्या वाट्याला फक्त बटण येते.

आमचे पदवीचे शिक्षण हिंदी माध्यमात झाले. द्रावणाला ‘विलयन’ म्हणण्याची सवय आजही बोलताना डोकावते, मराठीच्या बाई ती दुरुस्त करतात. पण हिंदी पुस्तकांतील दोन शब्द आम्हांला फार उपयोगी वाटतात: ‘यथार्थता’ आणि ‘परिशुद्धता’. मराठीत बोलताना आपण दोन्हींना अचूकपणा म्हणून मोकळे होतो. समजा, यंत्राला १ मिलिलिटर पाणी सोडायला सांगितले आणि दहाही वेळा वजन ०.९४ ग्रॅमच्या आसपास भरले. १ मिलिलिटर पाणी जवळजवळ १ ग्रॅम. तर हे यंत्र परिशुद्ध आहे, यथार्थ नाही. ते दरवेळी सारखेच चुकते आहे, आणि अशी चूक टप्पे वाढवून काढता येते. वजन कधी ०.९ तर कधी १.१ आले, तर मात्र टप्पे वाढवून भागणार नाही, स्क्रू खोलून बसावे लागेल.

हे कळायला दहा वजने खरीखरी लिहावी लागतात. येथे थोडे स्पष्ट बोलतो. प्रॅक्टिकलच्या फाइलींत टायट्रेशनची तिन्ही रीडिंग तंतोतंत जुळलेली आम्ही वर्षानुवर्षे पाहतो. सगळ्यांचे हात इतके स्थिर असतील, यावर आमचा विश्वास नाही. गुण जुळलेल्या आकड्यांना मिळतात, म्हणून मुले आकडे जुळवतात. या यंत्राच्या वहीत न जुळलेले आकडेच कामाचे आहेत, कारण बिघाड कोठे आहे हे तेच सांगतात.

तेव्हा आमचे मत असे. नमुना शाळेतच व्हावा, आणि वर्षभर फक्त रंगीत पाण्यावर चालावा. आम्ल त्याच्या जवळही नेऊ नये. यंदाच्या प्रदर्शनाची घाई नको. मांडायचाच तर वजनांची वही उघडी ठेवून मांडावा. ज्याला हाताने सलग पाच वेळा सारखे माप घेता येते, त्यालाच या कामात घ्यावे.

पिपेटांबद्दल ज्यांनी तक्रार केली त्यांचे म्हणणे रास्त आहे, आणि विश्वस्त मंडळाला आमची विनंती त्याच क्रमाने आहे. आधी दोन मुलांत एक याप्रमाणे काचेची पिपेट आणि रबरी फुगे. त्यानंतर मिलिग्रॅमपर्यंत वजन दाखवणारा काटा. सराफ्यात सोन्यासाठी बारीक काटा लागतो, तसा तो आपल्याला पाण्यासाठी लागणार आहे. सध्याचा काटा ग्रॅमच्या शंभराव्या भागापर्यंतच दाखवतो, थेंबाची भांडणे त्याच्याने मिटणार नाहीत. शिवाय हा काटा यंत्र बनले नाही तरी प्रत्येक वर्गाच्या उपयोगी पडेल. मोटरसाठी आम्ही पैसे मागत नाही.

पालकांना एवढेच सांगणे आहे की घरी किंवा दुकानात बंद पडलेला जुना डॉट मॅट्रिक्स प्रिंटर अथवा स्कॅनर असेल, तर भंगारवाल्याला देण्यापूर्वी तो प्रयोगशाळेत आणून द्यावा. त्यांत बहुधा स्टेपर मोटर निघते. शनिवारी दुपारी एकपर्यंत प्रयोगशाळा सहायक तेथे असतात.