स्वस्त तिकीट, महाग मुक्काम

नेरळहून लोकलने कॉलेजला जाता ना? पासाची मुदत काल संपली असेल, तर टीसी काय करतो? भाडं आणि वर किमान २५० रुपये दंड. ‘परीक्षा होती, विसरलो’ हे तो ऐकून घेत नाही. परदेशातही तसंच असतं. फक्त तिथे गोष्ट दंडावर थांबत नाही.

दुबईत मुदतीपेक्षा जास्त राहिलात तर दिवसाला ५० दिरहम. थायलंडमध्ये दिवसाला ५०० बाट, जास्तीत जास्त २०,०००. म्हणजे परतीचं विमान दोन हजार रुपयांनी स्वस्त मिळतंय म्हणून मुक्काम चार दिवस लांबवला, की २,००० बाट गेले. रुपयांत पाच हजारांहून जास्त! मग स्वस्त काय पडलं?

‘४० दिवसांनंतर दंड वाढतच नाही, बिनधास्त राहा,’ असं सांगणारेही भेटतील. त्यांचं ऐकू नका. ९० दिवस उलटले की स्वतःहून हजर झालात तरी वर्षभर प्रवेशबंदी. त्याआधीच पकडले गेलात तर पाच वर्षं. उद्या शिक्षणासाठी दुसऱ्या देशाचा व्हिसा मागाल, तेव्हा अर्जात हे विचारलं जाऊ शकतं.

राहायचंच असेल तर मुदत संपण्याआधी इमिग्रेशन कार्यालय गाठा. थायलंडमध्ये मुदतवाढीच्या अर्जाला १,९०० बाट लागतात, चार दिवसांच्या दंडापेक्षा कमी. आणि व्हिसाची तारीख वेगळी, राहण्याची वेगळी. उतरल्या उतरल्या पासपोर्टवरचा शिक्का वाचा, परतीचं तिकीट त्यावरून ठरवा.