नोंदवहीबाहेरची मराठी दिल्ली

फेब्रुवारी २०२५ मध्ये अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन राजधानीत भरले, तेव्हा १९५४ च्या दिल्लीतील संमेलनाची आठवण निघणे स्वाभाविक होते. अध्यक्ष तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी, स्वागताध्यक्ष काकासाहेब गाडगीळ, उद्घाटक पंडित नेहरू हा तपशील पुन्हा उजळला. संमेलनस्थळ तालकटोरा, त्यामुळे १७३७ मधील बाजीरावांची धडकही निघाली, पानिपत निघाले, महादजी शिंदेही निघाले. त्या मानाने क्वचितच निघाले ते या दोन संमेलनांमधील एकाहत्तर वर्षांत दिल्लीत संसार करून गेलेले सामान्य मराठी लोक.

दिल्लीतील मराठी माणसाचा इतिहास आजवर खुर्च्यांच्या क्रमाने सांगितला गेला आहे. चिंतामणराव देशमुखांचा राजीनामा, १९६२ मध्ये संरक्षणमंत्री म्हणून यशवंतरावांचे आगमन, अलीपूर रोडवरील बंगल्यात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे १९५६ मधील महापरिनिर्वाण. हे सारे महत्त्वाचे आहेच. परंतु तो राष्ट्राचा इतिहास आहे. समाजाचा इतिहास निराळा असतो. मुलांच्या शाळेचे काय केले, गौरी-गणपतीला फुले कोठून आणली, गावाकडे मनिऑर्डर किती गेली, मुलीचे लग्न दिल्लीत जमविले की पुण्यात, असल्या किरकोळ वाटणाऱ्या प्रश्नांतून तो उभा राहतो.

या समाजाचा एक भाग सरकारी क्वार्टरांत वाढला. स्वातंत्र्यानंतर केंद्राची कार्यालये फुगत गेली तसे कारकून, लघुलेखक, लेखापाल दिल्लीत आले. पहाडगंजात मराठी शाळा आणि मंडळे उभी राहिली. पुढे सरोजिनी नगर, नेताजी नगर यांसारख्या वसाहतींच्या पुनर्विकासाला २०१६ मध्ये मंजुरी मिळाली आणि जुनी क्वार्टरे पाडली जाऊ लागली. इमारती जुन्या झाल्या होत्या, हे मान्य. परंतु क्वार्टर ही कोणाची मालमत्ता नसते. निवृत्तीनंतर किल्ली परत केली की त्या घरातील तीस वर्षांची स्मृती ट्रंकेत भरून महाराष्ट्रात परतते, आणि पुढच्या घरबदलात ती ट्रंकही जाते. मंडळांची इतिवृत्ते, वर्गणीची पावतीपुस्तके, नाटकांच्या हस्तपत्रिका यांचेही तेच होते.

निदान या वर्गाला लिहिता येत होते आणि व्यासपीठेही होती. त्याच शहरात एक दुसरा महाराष्ट्र आहे, त्याची गाठ पहिल्याशी फारशी पडत नाही. सांगली जिल्ह्यातील खानापूर-आटपाडी हा दुष्काळी पट्टा. तेथील तरुण पिढ्यान्‌पिढ्या सोने-चांदी गाळण्याच्या, म्हणजे गलाईच्या, धंद्यासाठी देशभर पांगले. केरळपासून पंजाबपर्यंत जेथे सराफ पेठ तेथे विट्याकडचा माणूस, हे व्यापाऱ्यांना ठाऊक असते. दिल्लीतही चांदणी चौकातील कुचा महाजनीपासून करोल बागेपर्यंत हा मराठी आवाज ऐकू येतो. जुना दागिना मुशीत वितळवायचा, तेजाबाने हीण वेगळे काढायचे, सराफाच्या दुकानातील केरही वाया जाऊ द्यायचा नाही. अरुंद गल्लीतील वरच्या मजल्यावर भट्टी, तेथेच कामगारांचा मुक्काम, आणि वर्षातून एकदा जत्रेला गाव. तेजाबाच्या वाफेने छाती खराब होते, ही त्या कसबाची किंमत.

१९६३ मध्ये सुवर्ण नियंत्रण आले, १९६८ मध्ये त्याचा कायदा झाला, १९९० मध्ये तो रद्द झाला. सक्तीचे हॉलमार्क २०२१ पासून लागू होऊ लागले. या प्रत्येक निर्णयाची फाइल नॉर्थ ब्लॉकमध्ये किंवा शेजारच्या एखाद्या भवनात जपून ठेवलेली असेल, आणि तिच्यावर शेरा मारणारांत एखादा मराठी अधिकारीही असेल. भट्टी तेथून काही किलोमीटरवर. तिच्यावर पोट असणाऱ्या घरांचे त्या वर्षी काय झाले, हे मात्र कोणत्याही फाइलीत नाही.

याबाबतीत कॅनडाचे उदाहरण पाहण्यासारखे आहे. २०२३ पासून दिल्ली व ओटावा यांच्यात जे बिनसले त्यामुळे राजधानीत त्या देशाचे नाव एकाच संदर्भात घेतले जाऊ लागले. पण स्थलांतरितांचा देश स्वतःचा सामाजिक इतिहास कसा लिहितो, हा वेगळा विषय आहे. १९७१ मध्ये तेथे बहुसांस्कृतिकतेचे धोरण जाहीर झाले. १९७६ मध्ये रॉबर्ट हार्नी या इतिहासकाराच्या पुढाकाराने ओंटारियोत एक इतिहास संस्था स्थापन झाली. तिने मंत्र्यांच्या नव्हे, तर गवंडी, शिंपी, खाणावळवाल्या स्थलांतरितांच्या मुलाखती ध्वनिमुद्रित केल्या आणि घरोघरची पत्रे व छायाचित्रे जमविली.

अशा नोंदींचा उपयोग केवळ हळवेपणासाठी नसतो. चिनी स्थलांतरितांवर कॅनडाने १८८५ मध्ये ५० डॉलरचा डोईपट्टी कर बसविला आणि १९०३ मध्ये तो ५०० डॉलरवर नेला. कराची प्रमाणपत्रे कुटुंबांनी जपली होती. २००६ मध्ये सरकारने संसदेत क्षमा मागितली आणि हयात करदात्यांना व विधवांना प्रत्येकी २० हजार डॉलर दिले. ३७६ प्रवाशांना घेऊन आलेल्या आणि १९१४ मध्ये व्हँकुव्हरहून परत धाडलेल्या ‘कोमागाटा मारू’साठीही २०१६ मध्ये संसदेत माफी मागितली गेली. अर्थात त्या देशाचे सारेच आदर्श नाही. परक्यांच्या कहाण्या जमवीत असताना मूळ रहिवाशांच्या मुलांना घरापासून तोडणाऱ्या निवासी शाळांविषयी ऐकून घेण्यासाठी आयोग नेमायला २००८ साल उजाडले. शिवाय समाजगटांचा इतिहास तेथे मतपेढीच्या हिशेबातही ओढला जातो. दिल्लीची तक्रार अगदीच निराधार नाही.

तरीही पद्धत घेण्याजोगी आहे, आणि तिला मोठा खर्चही लागत नाही. कस्तुरबा गांधी मार्गावर २०१३ पासून भव्य नवे महाराष्ट्र सदन उभे आहे. बाबा खडकसिंग मार्गावर महाराष्ट्र परिचय केंद्र आहे. सदनातील एक खोली, ध्वनिमुद्रणाचे साधे यंत्र आणि प्रश्न विचारण्याचे शिक्षण घेतलेली चार मुले एवढ्यावर काम सुरू होते. मुले शोधायला दूर जायला नको. ओल्ड राजेंद्र नगर आणि मुखर्जी नगरात स्पर्धा परीक्षांची तयारी करणारे मराठी तरुण आहेत. समाजशास्त्र वैकल्पिक विषय घेणाऱ्याला कुचा महाजनीत दोन दिवस घालविणे जड जाऊ नये. आधी ऐंशीच्या पुढच्यांकडे जायला हवे, आणि मुलाखती क्वार्टरवाल्यांच्या व भट्टीवाल्यांच्या सारख्याच घ्यायला हव्यात. नाहीतर ज्यांनी आजवर लिहिले त्यांचेच पुन्हा लिहिले जाईल.

याला आणखी एक तातडीचे कारण आहे. १ मार्च २०२७ ही संदर्भ तारीख धरलेल्या जनगणनेत प्रत्येकाची मातृभाषा नोंदली जाते. मागच्या, २०११ च्या, जनगणनेतील भाषांचे आकडे प्रसिद्ध व्हायला २०१८ उजाडले होते. भाषिक अल्पसंख्याकांच्या सोयींची चर्चा याच आकड्यांवर चालते. नोएडा-गुरुग्राममधील सदनिकांत वाढलेली तिसरी पिढी घरात हिंदी-इंग्रजी बोलते, आणि बाप जे सांगेल ते प्रगणक लिहून घेतो. भट्टीवरच्या मुक्कामी कामगाराची गणना दिल्लीत व्हावी की आटपाडीत, हे त्याला कोणी समजावून सांगितलेले नसते. मंडळांनी या वर्षीच्या गणेशोत्सवात एक संध्याकाळ ऑर्केस्ट्राऐवजी या दोन गोष्टींसाठी ठेवली, तर पत्रके वाटायला करोल बागेपर्यंत जावे लागेल.