‘एकदा’ म्हणजे नेमकं कितीदा?

एक सांगा बॉस. बँकेत तुम्ही तीनदा गेलात, बँकेत तीन चकरा मारल्यात आणि बँकेत तीन खेटे घातलेत. आकडा तिन्हीकडे तीनच. मग फरक काय?

फरक आहे, आणि तो तुम्हाला कुणी शिकवलेला नाही. ‘तीनदा गेलो’ हा नुसता हिशोब. ‘तीन चकरा मारल्या’ म्हटलं की जाणं आणि येणं, दोन्ही आलं. आणि ‘तीन खेटे घातले’ म्हणजे काम झालेलं नाही, काउंटरवरच्या माणसाने लंच टाइमची पाटी दाखवलेली आहे आणि तुमचं डोकं फिरलेलं आहे. नाटकाच्या तालमीला ‘तीन खेटे घातले’ असं आपण म्हणणार नाही. का म्हणणार नाही, ते मात्र पटकन सांगता येत नाही.

आता जरा मँडरिन शिकणाऱ्यांच्या बाजूला बसून बघा. पुण्या-मुंबईत अशी मंडळी आता बरीच भेटतात. कुणी परचेसमध्ये, कुणी सोर्सिंगमध्ये, कुणाला फक्त रेझ्युमेवर एक ओळ वाढवायची असते. पहिले दोन महिने सुरांशी कुस्ती. ती जमतेय असं वाटेपर्यंत सर फळ्यावर चार शब्द लिहितात: त्स, प्येन, थांग, ह्वे. आणि सांगतात, ‘चारींचा अर्थ एकच. वेळा.’ डिक्शनरी उघडा, तीही तेच सांगते. ट्रान्सलेशन अ‍ॅपला विचारा, तेही चारींना ‘एकदा, दोनदा’ असंच उत्तर देतं. परीक्षेच्या पेपरात मात्र रिकामी जागा एकच असते आणि चारातला एकच बरोबर. झाला ना डोक्याला शॉट?

टेन्शन नको. मराठी माणसाला हा फंडा इतर अनेकांपेक्षा लवकर क्लिअर होतो, कारण आपल्याकडे तो आधीपासून आहे.

त्स: नुसता हिशोब

हा सगळ्यात साधा आणि सगळ्यात कामाचा शब्द. (उच्चार ‘चाळी’तल्या च सारखा, फक्त जोरात श्वास सोडून.) घडलेली गोष्ट किती वेळा घडली, एवढंच तो मोजतो. पूर्ण झाली की अर्धवट राहिली, चालत गेलात की विमानाने, रडत की हसत, त्याला काही देणंघेणं नाही. आपला ‘दा’ किंवा ‘वेळा’. ‘वो छ्यु क्वो सान त्स’, म्हणजे मी तिथे तीनदा गेलोय. औषधाच्या पाकिटावर ‘ई र सान त्स’ असतं, म्हणजे दिवसातून तीन वेळा. पहिल्यांदा, मागच्या वेळी, पुढच्या वेळी, हे सगळंही ‘त्स’च्या खात्यात. काहीच सुचलं नाही तर ‘त्स’ टाका. चुकण्याची शक्यता सगळ्यात कमी.

प्येन: पहिल्या पानापासून शेवटपर्यंत

इथे खरी गंमत सुरू होते. ‘प्येन’ला सुरुवात हवी आणि शेवटही हवा. अथर्वशीर्षाची आपण आवर्तनं मोजतो, पोथीची पारायणं मोजतो. अर्ध्यावर उठलात तर ते पारायण धरतच नाहीत. ‘प्येन’चं अगदी तसंच. चीनमध्येही या शब्दाचं वाचण्याशी आणि पाठ करण्याशी जुनं नातं आहे. तिसऱ्या शतकातल्या तुंग यू नावाच्या विद्वानाशी जोडलेली एक म्हण आजही सांगतात. तिचा मथितार्थ असा, की पुस्तक शंभर वेळा वाच, अर्थ आपणहून समोर येईल. त्या शंभराला जोडलेला शब्द ‘प्येन’. शंभरदा उघडून बाजूला ठेवलेलं पुस्तक त्यात मोजलं जात नाही.

एक टेस्ट घ्या. रविवारी एक पिक्चर लावलात आणि इंटरव्हलला झोप लागली. पुढच्या रविवारी पुन्हा तोच लावलात, पुन्हा झोप. किती वेळा पाहिलात? ‘त्स’ने मोजलंत तर दोनदा. ‘प्येन’ने मोजलंत तर शून्य. तोच पिक्चर थिएटरात जाऊन पाहिलात आणि खेळ मोजायचे असतील, तर त्याला तिसराच शब्द, ‘छांग’. पिक्चर एक, झोपाळू तुम्ही एक, आणि माप बदललं की आकडा बदलला!

वर्गात सगळ्यात आधी पाठ होणारं वाक्य ‘छिंग त्साय श्वो ई प्येन’, म्हणजे कृपया पुन्हा सांगा. यात ‘प्येन’ का, ते आता कळलं असेल. तुम्ही समोरच्याला आख्खं वाक्य पुन्हा पहिल्यापासून म्हणायला सांगताय. तिथे ‘त्स’ वापरलात तरी कुणी हसणार नाही, लोक सर्रास वापरतात. पण उलटं चालत नाही. ‘मी शांघायला तीन प्येन गेलो’ असं म्हणता येत नाही, कारण जाण्याला वाचून संपवण्यासारखा मजकूर नसतो. पडणं, भेटणं, येणं, यांचंही तसंच.

थांग: पायपीट धरून

जाण्या-येण्यासाठी आहे ‘थांग’. खेप, फेरी, चक्कर. घरातून निघालो, पोचलो आणि बहुतेक वेळा परतही आलो, अशी ही आख्खी फेरी. म्हणूनच आगगाडीच्या फेरीलाही ‘थांग’ लागतो. गंमत म्हणजे स्टेशनातल्या बोर्डावर गाडीच्या नंबराला ‘छ-त्स’ म्हणतात. टाइमटेबलवाल्याला हिशोब हवा, म्हणून ‘त्स’. प्रवाशाला मात्र ‘ही गाडी’ पकडायची असते, तिथे ‘थांग’.

आणि आपला लाडका हेलपाटा? तो तर तयारच आहे: ‘पाय फाओ ई थांग’. शब्दशः, एक फेरी फुकट धावलो. सरकारी ऑफिसचा अनुभव कुठल्याच देशाची मक्तेदारी नाही, आता बोला!

ऑफिसातही याचा उपयोग आहे. साहेब म्हणाले ‘लाय ई श्या’, तर जरा इकडे या, दोन मिनिटांचं काम. ‘लाय ई थांग’ म्हणाले, तर मुद्दाम निघून या, वाट वाकडी करावी लागली तरी चालेल. एकाच शब्दाचा बदल, पण दुसऱ्या वेळी लॅपटॉप बरोबर घेतलेला बरा.

ह्वे: गप्पांमधला

‘ह्वे’ आणि ‘त्स’ यांची अदलाबदल पुष्कळदा चालते. फरक सुराचा. ‘ह्वे’ जास्त बोलीतला, घरगुती. आपण ‘तीन वेळा’ लिहितो आणि बोलताना ‘तीनदा’ म्हणतो, साधारण तसं. पण काही जागा त्याने स्वतःसाठी रिझर्व्ह करून ठेवल्यात. ‘ल्यांग ह्वे श’ म्हणजे दोन पूर्ण वेगळ्या भानगडी, एकीचा दुसरीशी संबंध नाही. आणि एक मस्त म्हण: ‘ई ह्वे शंग, अर ह्वे शू’. पहिल्या भेटीत परके, दुसऱ्या भेटीत ओळखीचे. नव्या कामालाही ती लावतात. पहिल्यांदा बिचकाल, दुसऱ्यांदा हात बसेल. जुन्या चिनी कादंबऱ्यांतल्या प्रकरणांनाही ‘ह्वे’च म्हणतात. ‘लाल महालातलं स्वप्न’ या नावाने ओळखली जाणारी अठराव्या शतकातली थोर कादंबरी अशा १२० ‘ह्वे’ची आहे.

या चौघांचे चुलत भाऊ आणखी आहेत. जेवण, बोलणी खाणं आणि मार खाणं, या तिन्हींना एकच माप लागतं: ‘त्वन’. ताटभर जेवलात तर एक ‘त्वन’, साहेबांनी झापलं तर तेही एक ‘त्वन’. दोन्ही गोष्टी ‘खाल्ल्या’ जातात हे मराठीलाही पटतंच की!

आता मुद्द्याचं

तुम्ही म्हणाल, इतकं कशाला? समोरच्याला कळल्याशी मतलब. कळतं, खरंय. पण काय कळतं, ते महत्त्वाचं.

माझी एक मैत्रीण पुण्यातल्या एका कंपनीत परचेस बघते. चीनमधून माल मागवायचा, मेल आणि चॅट मँडरिनमध्ये. माल निघायच्या आदल्या दिवशी तिने सप्लायरला लिहिलं, ‘लेबलं च्येनछा ई श्या’. तिच्या मनात होतं, ‘एकदा सगळं चेक करा’. आता हा ‘ई श्या’ म्हणजे आपला ‘जरा’. जरा बघता का, जरा थांबा, जरा सांगा. बोलणं मऊ करणारा, सभ्य शब्द. किती बघायचं, ते तो सांगत नाही. पलीकडच्या बाईंनी जरा बघितलं. वरचे खोके उघडले, लेबल बरोबर होतं, ‘ओके’ कळवलं. मधल्या खोक्यांवर जुना पत्ता छापलेला होता. माल इथे पोचल्यावर दोन रात्री बसून लेबलं बदलावी लागली आणि खर्च कुणाचा यावर आठवडाभर मेलामेली झाली.

लबाडी कुणाचीच नव्हती. जे मागितलं होतं, ते मिळालं होतं. तिला हवं होतं ते वाक्य वेगळं होतं: ‘त्सुंग थौ ताओ वेई च्येनछा ई प्येन’. डोक्यापासून शेपटीपर्यंत एक आख्खं आवर्तन. पुढच्या ऑर्डरपासून ती हेच लिहिते, आणि समोरून प्रत्येक खोक्याचा फोटो येतो.

गोष्ट इथेच संपत नाही. काही महिन्यांनी ती फॅक्टरीत गेली, तर ज्या इंजिनियरला भेटायचं तो अचानक दुसऱ्या शहरात. त्याच बाई पुढे आल्या आणि म्हणाल्या, ‘रांग नी पाय फाओ ई थांग’. तुम्हाला उगीच हेलपाटा घडवला. मैत्रीण सांगते, नुसतं ‘सॉरी’ ऐकलं असतं तर विसरले असते. इथे तिची फ्लाइट, तिची टॅक्सी, तिची पायपीट कुणीतरी मोजली होती. लेबलांवरून धुमसत असलेला राग त्या दिवशी संपला.

निघण्यापूर्वी तीन टिप्स

एक, जागा. मराठीत मोजणी क्रियापदाआधी येते, ‘तीनदा गेलो’. मँडरिनमध्ये ती नंतर, ‘गेलो तीनदा’. मध्ये ‘त्याला’, ‘तुला’ असं सर्वनाम आलं, तर ते मोजणीच्या आधी: शोधलं त्याला दोनदा. गावाचं नाव दोन्हीकडे चालतं.

दोन, आकडा. दोन म्हणजे ‘अर’ हे पाठ केलं असेल, पण मोजताना ‘ल्यांग’ म्हणा. ‘ल्यांग त्स’, ‘ल्यांग थांग’. (वरच्या म्हणीतला ‘अर’ हा ‘दुसऱ्यांदा’ या अर्थाचा.) आणि ‘ई’चा सूर पुढच्या शब्दावर ठरतो. त्स, प्येन, थांग हे तिन्ही उतरत्या सुरातले, म्हणून त्यांच्याआधी ‘ई’ चढतो. ‘ह्वे’ चढता, म्हणून त्याच्याआधी ‘ई’ उतरतो.

तीन, उच्चार. इथे आपला बोनस आहे. रोमन लिपीतला ‘बी’ बघून लोक ‘ब्येन’ म्हणतात आणि ‘टी’ बघून ‘टांग’. ऐकू येतं ते आपल्या प आणि थ च्या जवळचं. प-फ, त-थ हा फरक आपण बालवाडीतच गिरवलाय. सूर तेवढा घोटा.

आणि निवड करताना गोंधळ झाला तर आधी मराठीत विचारा. मी वेळा मोजतोय, आवर्तनं मोजतोय, की खेपा? उत्तर मिळालं की शब्द आपोआप मिळतो. गप्पांच्या मूडमध्ये असाल तर ‘ह्वे’ आहेच. त्सुंग थौ ताओ वेई वाचलंत ना हे सगळं? मग तुमचं एक ‘प्येन’ झालं. मधल्या दोन पॅरांवर उडी मारली असेल, तर नुसता ‘त्स’ धरा. पुन्हा या!