थायरॉइड आणि लकवा

आपा पोटभर जेवतात तरी वजन घटते, छाती धडधडते, हात थरथरतात. आपण अशक्तपणा म्हणून सोडून देतो. थायरॉइड ग्रंथी जास्त काम करू लागल्याचीही ही लक्षणे असतात. त्यात हृदयाचे ठोके बिघडून रक्ताची गुठळी मेंदूत जाऊ शकते. शिवाय ग्रेव्हज या थायरॉइडच्या आजारात क्वचित मेंदूला रक्त नेणाऱ्या मुख्य धमन्याच अरुंद होतात, तेही तरुण वयात. तेव्हा थायरॉइड काबूत नसला तर लकव्याचा धोका वाढतो. म्हणून टीएसएच तपासून घ्यावे. बरे वाटले तरी गोळ्या मनाने बंद करू नयेत. तोंड वाकडे झाले, हात लुळा पडला, बोलणे अडखळले, तर पाच मिनिटांत ठीक झाले तरी लगेच मोठे रुग्णालय गाठावे. गुठळी विरघळवणारे इंजेक्शन सहसा साडेचार तासांच्या आतच देता येते. सकाळची वाट पाहू नये, एवढीच आमची विनंती.