विश्लेषण : कोल इंडियाला स्पर्धा कायदा लागू, नेरच्या वीज बिलाशी त्याचा संबंध काय?

यवतमाळ जिल्ह्यात वणी परिसरात कोळसा निघतो आणि त्याच जिल्ह्यातील नेरमध्ये महावितरणचे बिल येते. या दोन टोकांना जोडणारा वाद महानिर्मिती विरुद्ध कोल इंडिया असा आहे.

वाद काय होता?
वेस्टर्न कोलफिल्ड्स (नागपूर) आणि महानदी कोलफिल्ड्स या कोल इंडियाच्या उपकंपन्या आहेत. त्यांच्याशी झालेल्या इंधन पुरवठा करारांतील अटी एकतर्फी असल्याची तक्रार महानिर्मितीने भारतीय स्पर्धा आयोगाकडे केली. कोळशाची प्रत, नमुने घेण्याची पद्धत आणि कोळशात येणारे दगड हे कळीचे मुद्दे होते. पर्यायी विक्रेता नसल्याने करार नाकारण्याची सोयच नव्हती.

आयोगाने काय केले?
डिसेंबर २०१३ मध्ये आयोगाने कोल इंडियाला १,७७३.०५ कोटी रुपयांचा दंड ठोठावला. अपील न्यायाधिकरणाने २०१६ मध्ये तो आदेश रद्द केला. फेरसुनावणीनंतर मार्च २०१७ मध्ये आयोगाने दंड ५९१ कोटींवर आणला.

सर्वोच्च न्यायालयाचे म्हणणे काय?
आपली मक्तेदारी राष्ट्रीयीकरणाच्या कायद्यातून आली असून ती लोकहितासाठी आहे, त्यामुळे स्पर्धा कायदा लागू होत नाही, असा कोल इंडियाचा युक्तिवाद होता. १५ जून २०२३ रोजी न्यायालयाने तो फेटाळला. सरकारी कंपनीही या कायद्याच्या कक्षेत येते. सूट हवी असेल तर केंद्र सरकार कलम ५४ नुसार ती देऊ शकते. न्यायालयाने कायदा लागू होतो एवढेच ठरवले, दंडाच्या योग्यायोग्यतेवर शिक्कामोर्तब केले नाही.

वीज नियामक पुरेसा का नाही?
विद्युत कायदा, २००३ नुसार महाराष्ट्र वीज नियामक आयोग महानिर्मिती आणि महावितरण यांचे दर ठरवतो, इंधनखर्च तपासतो. पण कोळसा विकणारी कंपनी त्याच्या अखत्यारीत नाही. कोळशाच्या किमती १ जानेवारी २००० पासून नियंत्रणमुक्त आहेत आणि कोळसा नियामक प्राधिकरणाचे २०१३ चे विधेयक बारगळले. ही पोकळी स्पर्धा कायदा काही अंशी भरतो. त्यामुळे ऊर्जा क्षेत्रातील वकिलांना आता दोन्ही कायदे एकत्र वाचावे लागतात.

ग्राहकाला काय मिळणार?
मान्य झालेला इंधनखर्च अखेर वीजदरात येतो. कोळशाच्या भावाने दगड आले, तर त्याची झळ नेरमधील घरगुती ग्राहकाला आणि छोट्या जिनिंग कारखान्यालाही बसते. साडेसात अश्वशक्तीपर्यंतच्या कृषिपंपांचे बिल राज्य सरकार भरत असल्याने तिथे ती सरकारी तिजोरीला बसते. दंडाची रक्कम मात्र भारताच्या संचित निधीत जमा होते, ग्राहकाच्या बिलात नाही. भरपाईसाठी कलम ५३-एन नुसार अपील न्यायाधिकरणाकडे वेगळा अर्ज करावा लागतो. तो मंजूर झाला तरी पैसा वीजदरात उतरवायचा की नाही, हे वीज नियामक आयोगापुढेच ठरेल. म्हणजे स्पर्धा कायदा करारातील अन्याय दूर करू शकतो. बिल कमी करण्याचे काम वीज नियामकाचेच राहते.