कुंपणाएवढं भांडण

‘नेबर्स’ ही ऑस्ट्रेलियन मालिका डिसेंबर २०२५ मध्ये तिसऱ्यांदा बंद पडली. पहिल्या खेपेला १९८५ मध्ये, म्हणजे जन्माच्या वर्षीच, सेव्हन वाहिनीने १७० भागांनंतर तिचा गाशा गुंडाळला होता. तेव्हा नेटवर्क टेनने ती उचलली आणि जानेवारी १९८६ पासून पुन्हा दाखवायला घेतली. दुसऱ्यांदा ती थांबली जुलै २०२२ मध्ये, ब्रिटनच्या चॅनल फाइव्हने हात काढून घेतल्यावर. त्यातूनही ॲमेझॉनच्या पैशावर ती वर्षभराने उठून बसली आणि आणखी दोनेक वर्षं चालली. एवढ्या मरणांनंतर तिच्या चाहत्यांना शोकाची सवय व्हायला हवी होती. पण त्यांच्यातल्या जुन्याजाणत्यांचं सुतक २०२५ चं नाहीच, २०२२ चंही नाही. ‘खरी नेबर्स’ त्यांच्या लेखी १९९० च्या आसपासच संपली. पुढची पस्तीस वर्षं ते नुसते सवयीने किंवा हट्टाने पाहत राहिले. या हळहळीची टिंगल करणं सोपं आहे आणि ब्रिटिश वृत्तपत्रांनी ती मनसोक्त केली आहे. माझं म्हणणं असं की हे चाहते आपल्या दुखण्याचं नाव चुकीचं सांगतात, पण दुखणं खरं आहे. ‘तेव्हाची मालिका साधी होती, निर्मळ होती’ असं ते म्हणतात. ती निर्मळ कधीच नव्हती. तिच्यातली संकटं मात्र शेजाऱ्याला झेपतील एवढी होती. नंतर ती झेपेनाशी झाली आणि शेजाऱ्याला काम उरलं नाही.

निर्मळपणाचं प्रकरण आधी निकालात काढू. मार्च १९८५ मधल्या पहिल्याच भागात डेस क्लार्कच्या लग्नाआधीची मित्रांची पार्टी आहे, त्या पार्टीत कपडे उतरवून नाचायला बोलावलेली डॅफ्नी आहे, आणि गोंगाटाने झोप उडालेला शेजारी मॅक्स रॅम्झी दात-ओठ खातो आहे. डेसचं लग्न मोडतं आणि डॅफ्नी त्याच्याच घरात भाडेकरू म्हणून राहायला येते. पुढे हीच बाई गल्लीजवळचं कॉफी शॉप चालवते, डेसशी लग्न करते, आणि १९८८ मध्ये अपघातानंतर कोमात जाऊन मरते तेव्हा प्रेक्षक घरचं माणूस गेल्यासारखे हळहळतात. लग्नघरातली नाचणारी बाई तीन वर्षांत गल्लीची लाडकी सून झाली, आणि तिच्याविषयी कोणी भाषण ठोकलं नाही. निर्माते रेग वॉटसन यांना यात नवल वाटलं नसावं. बायकांच्या तुरुंगावरची ‘प्रिझनर’ ही मालिका त्यांचीच, आणि त्याआधी ब्रिटनमध्ये ‘क्रॉसरोड्स’ वर्षानुवर्षं चालवून ते मायदेशी परतले होते. ‘नेबर्स’साठी त्यांनी निवडली ती पुढे रस्ता नसलेली, सहा घरांची गल्ली. मालिकेतलं तिचं नाव रॅम्झी स्ट्रीट. प्रत्यक्षात मेलबर्नच्या व्हर्माँट साउथ उपनगरातलं पिन ओक कोर्ट. मालिकेला आधी सुचवलेल्या नावांपैकी एक होतं ‘नो थ्रू रोड’, म्हणजे पुढे वाट नाही. सगळी युक्ती त्या तीन शब्दांत आहे. अशा गल्लीत गाडी वळवायची तरी शेजाऱ्याच्या दारात वळवावी लागते. भांडण झालं म्हणून कोणी दुसऱ्या वाटेने जाऊ शकत नाही. (आपल्याला इथे चाळ आठवेल, पण ती तुलना लंगडी आहे. चाळीत गॅलरी आणि नळ सामाईक असतात, शेजार टाळताच येत नाही. इथे प्रत्येकाला हिरवळ आहे, गॅरेज आहे, फाटक आहे. शेजारधर्म इथे कोणी लादलेला नाही, म्हणून तो लेखकाला रोज घडवून आणावा लागतो.)

या हळहळीवरचा पहिला आक्षेप वजनदार आहे. लोकांना मालिका आठवत नाही, आपलं बालपण आठवतं. ब्रिटनपुरतं यात तथ्यही आहे. बीबीसीने ऑक्टोबर १९८६ मध्ये ‘नेबर्स’ आणली ती दुपारच्या वेळेची पोकळी भरायला. जानेवारी १९८८ पासून तिचं पुनःप्रसारण संध्याकाळी ५.३५ ला सुरू झालं, आणि त्यामागे वाहिनीप्रमुख मायकल ग्रेड यांच्या मुलीची तक्रार होती असं सांगतात. शाळेच्या वेळेमुळे तिला मालिका चुकायची. ५.३५ म्हणजे दप्तर कोपऱ्यात टाकून झालेलं, आई स्वयंपाकघरात, बाप अजून यायचा. आज पन्नाशीला टेकलेल्या कुठल्याही ब्रिटिश माणसाला त्या वेळेची ओढ वाटणारच. तेव्हा टीव्हीवर हवामानाचा अंदाज लागत असता तर तोही गोड वाटला असता. शिवाय ब्रिटन ही मालिका सुमारे दीड वर्ष उशिरा पाहत होतं. स्कॉट आणि शार्लीनचं लग्न ऑस्ट्रेलियात १ जुलै १९८७ ला लागलं, ब्रिटनमध्ये ८ नोव्हेंबर १९८८ ला. तिथे ते जवळपास दोन कोटी लोकांनी पाहिलं. त्या दिवशी शार्लीनची भूमिका करणारी कायली मिनोग ऑस्ट्रेलियातल्या पडद्यावरून गल्ली सोडून गेलेली होती, आणि गायिका म्हणून ब्रिटनच्या गाण्यांच्या यादीत पहिल्या क्रमांकावर येऊनही महिने लोटले होते. ब्रिटिश प्रेक्षकांनी ज्या वऱ्हाडात अक्षता टाकल्या, त्यातली नवरी केव्हाच निघून गेली होती. त्यांच्यासाठी ही मालिका पहिल्या दिवसापासूनच गतकाळ होती.

तरीही एवढ्यावर प्रकरण मिटत नाही. बालपणच आठवत असेल तर त्या वेळचं सगळंच सारखं आठवायला हवं, आणि तसं होत नाही. चाहते कोणत्या गोष्टी काढतात ते पाहा. शार्लीनचा प्रवेश: एक पोरगी खिडकीतून घरात शिरते आहे, स्कॉटला वाटतं चोर, तो तिला धरतो आणि ती त्याला ठोसा हाणते. मग कळतं की घर तिच्याच आईचं आहे. पुढे तीच मुलगी मळका डांगरी सूट घालून गॅरेजात गाड्या दुरुस्त करते आणि या कामावरून आईशी वाद घालते. मिसेस मँगल पडद्याआडून कोण कोणाकडे किती वाजता गेलं हे पाहते. बाउन्सर नावाचा लॅब्रडॉर १९९० मधल्या एका भागात झोपेत शेजारच्या कुत्रीशी लग्न लावतो. हा शेवटचा प्रसंग लिहिणाऱ्याने कशाच्या अमलाखाली लिहिला असावा हा चाहत्यांचा जुना विनोद आहे, पण तोही गल्लीच्या मापाचाच आहे. त्या स्वप्नात कोणी मरत नाही, शेजारचं कुंपण तेवढं ओलांडलं जातं.

दुसरा आक्षेप मला जास्त आवडतो. ‘मूळची’ मालिका म्हणतात ती मूळची तरी कुठे आहे? लाडका स्कॉट रॉबिन्सन हा दुसरा स्कॉट. सेव्हनच्या काळात ती भूमिका डॅरियस पर्किन्स करायचा; जेसन डोनोव्हन आला तो वाहिनी बदलल्यावर. स्कॉटच्या धाकट्या बहिणीच्या, लूसीच्या, भूमिकेत एकामागून एक तीन मुली येऊन गेल्या. ज्याच्या आडनावाने गल्ली ओळखली जाते तो मॅक्स रॅम्झी १९८६ मध्येच गेला. टेनने मालिका घेतली ती तिला तरुण आणि हलकीफुलकी करायलाच, म्हणजे १९८५ च्या प्रेक्षकाला १९८७ ची मालिका बिघडलेली वाटण्याची पूर्ण सोय होती. मिसेस मँगलचं उदाहरण तर चाहत्यांची आठवण किती लबाड आहे ते सांगतं. आज तिचं नाव काढलं की चेहरे खुलतात. तेव्हा प्रेक्षक तिच्यावर इतके खवळलेले असत की भूमिका करणाऱ्या व्हिव्हियन ग्रे यांना रस्त्यात बोलणी खावी लागत, आणि १९८८ मध्ये त्यांनी मालिका सोडली त्यामागे हा जाच होता असं तेव्हा छापून आलं होतं. तेव्हा, माणसं तीच हवीत, चेहरे तेच हवेत, असा चाहत्यांचा दावा असेल तर तो मी मान्य करणार नाही. पण मिसेस मँगल लोकांना एवढी झोंबली का, हे विचारायला हवं. ती कोणाचा खून करत नव्हती. ती चोंबडी होती, इतकंच. चोंबडेपणाचा राग येण्यासाठी मालिकेतला सगळ्यात मोठा गुन्हा चोंबडेपणाच्या आसपासचा असावा लागतो. शेजारी बॉम्ब लावणारा राहत असता तर मिसेस मँगलकडे कोणाचं लक्ष गेलं असतं?

आणि पुढे नेमकं तेच झालं. २००४ मध्ये गल्लीजवळचा लॅसिटर्स हा दुकानं-हॉटेलाचा परिसर आगीत गेला. २००५ मध्ये विसाव्या वाढदिवसाला गल्लीतली माणसं भरलेलं विमान स्फोटाने समुद्रात कोसळलं. २०१४ मध्ये टोर्नेडो आला. २०१६ मध्ये लॅसिटर्स हॉटेल उडालं. पस्तिसाव्या वर्षी, २०२० मध्ये, एका बेटावर खुनी मोकाट सुटला आणि आठवड्याभरात तीन जण मेले. सहा घरांच्या गल्लीला एवढे मृत्यू झेपत नाहीत, तिथे दर महिन्याला फक्त दहावे-तेरावेच घालावे लागतील. याच्या शेजारी १९९१ मधला, गल्लीतल्याच हॅरॉल्ड बिशपचा मृत्यू ठेवून पाहावा. समुद्रकाठच्या खडकांवर नवरा-बायको फिरायला गेले आहेत. बायको, मॅज, परत वळून येते तेव्हा हॅरॉल्ड नाही. खडकाच्या खळग्यात पाण्यात त्याचा चष्मा आहे. लाट दिसत नाही, बुडणारा माणूस दिसत नाही. एवढा साधा प्रसंग कदाचित पैसे नव्हते म्हणून झाला असेल, पण जो चष्मा रोज जेवणाच्या टेबलावर पाहिलेला आहे तो एकटा दिसला की पोटात खड्डा पडतो, आणि तो खड्डा विमान पाडून पडत नाही. पाच वर्षांनी हॅरॉल्ड स्मृती गमावलेल्या अवस्थेत परत सापडला, ही या धंद्याची अडचण समजून सोडून द्यावी.

संकटं का फुगली याचं उत्तर लेखकांच्या बिघडलेल्या अभिरुचीत शोधणं अन्याय होईल. आठवड्याला पाच भाग लिहिणाऱ्यांना अभिरुचीची चैन नसते. ऑस्ट्रेलियात प्रेक्षक आटत गेले. जानेवारी २०११ मध्ये टेनने मालिका मुख्य वाहिनीवरून आपल्या इलेव्हन या नव्या डिजिटल वाहिनीवर ढकलली. ब्रिटनमध्ये ती २००८ मध्ये बीबीसीकडून चॅनल फाइव्हकडे गेली, आणि पुढे पुढे निर्मितीचा मोठा भार तिथल्याच पैशावर येऊन पडला. दुसऱ्या देशातल्या, दुसऱ्या फळीतल्या वाहिनीवर चालणाऱ्या मालिकेची बातमी व्हायची तर काहीतरी फुटावं लागतं. कुंपणावरून झालेल्या भांडणाची जाहिरात करता येत नाही. ते भांडण मुळात कळतंच त्याला, जो सहा महिने रोज पाहतो आहे. रोज पाहणारे कमी झाले, म्हणून एकदाच डोकावणाऱ्यासाठी स्फोट आला. स्फोट पाहून डोकावणारा पुढच्या आठवड्यात निघून गेला, आणि रोजचा माणूस तेवढ्यात आणखी कंटाळला.

आता सगळ्यात अवघड आक्षेप. जुन्या वर्षांची ओढ म्हणजे जेव्हा गल्लीत सगळे गोरे होते त्या वर्षांची ओढ. ज्या मेलबर्नमध्ये हे चित्रण होत होतं तिथे ग्रीक, इटालियन, व्हिएतनामी वस्ती होती, आणि रॅम्झी स्ट्रीटवर मात्र तिचा मागमूस नव्हता. १९९३ मध्ये लिम नावाचं चिनी कुटुंब आलं ते काही आठवड्यांसाठी. शेजारणीने त्यांच्यावर आपला कुत्रा शिजवून खाल्ल्याचा आळ घेतला. २०११ च्या सुमारास कपूर कुटुंबाच्या आगमनाची घोषणा झाली तेव्हा काही प्रेक्षकांनी उघड वंशद्वेषी शेरेबाजी केली. शॅरन जोहल या अभिनेत्रीने भारतीय वंशाच्या डीपीची भूमिका चार वर्षं केली, आणि २०२१ मध्ये चित्रीकरणाच्या जागी सोसाव्या लागलेल्या वंशद्वेषाबद्दल ती जाहीरपणे बोलली. ‘पूर्वीचं बरं होतं’ म्हणणाऱ्यांतल्या काहींच्या मनात हेच ‘बरं’ असतं, यात मला शंका नाही. त्यांची बाजू घेण्याचं कारण नाही. नव्या नेबर्सने जे उघडलं ते उघडायलाच हवं होतं. २०१८ मध्ये डेव्हिड आणि ॲरन या दोन पुरुषांचं लग्न त्याच गल्लीत थाटात लागलं, ऑस्ट्रेलियात तसा कायदा होऊन वर्षही झालं नव्हतं.

पण कपूरांचं काय झालं ते नीट पाहिलं की हा आक्षेप उलट माझ्याच बाजूने साक्ष देतो. अजय वकील, प्रिया शाळेची मुख्याध्यापक, मुलगी रानी. नवऱ्याचं राजकारण, बायकोचं शाळेतलं अधिकाराचं पद, पंधरा-सोळा वर्षांची मुलगी. १९८७ च्या मालिकेला हा ऐवज चार वर्षं पुरला असता. रानीचं कॉलेज, प्रियाच्या सासूचा मुक्काम, फोडणीचा वास कुंपणापलीकडे गेल्यावर शेजारीण काय म्हणते आणि दोन वर्षांनी तीच शेजारीण वाटी घेऊन कशी येते. प्रत्यक्षात प्रियाच्या वाट्याला स्कॉटचा थोरला भाऊ पॉल रॉबिन्सन याच्याबरोबरचं प्रकरण आलं, आणि २०१३ मध्ये दुसऱ्याच कोणाच्या लग्नाच्या मांडवात झालेल्या स्फोटात जखमी होऊन ती मेली. दोन वर्षांत कुटुंब गल्लीतून पुसलं गेलं. डॅफ्नीला नकोशी बाई ते घरचं माणूस व्हायला तीन वर्षं मिळाली होती; प्रियाला ती मिळाली नाहीत, कारण ती आली तेव्हा गल्लीत कोणालाच काही मिळत नव्हतं, नुसता धूर होता. लोकांनी आठवण काढावी इतका काळ ती तिथे राहिलीच नाही. मालिकेचा दरवाजा उघडला तो आतली चूल विझल्यावर.

हे निर्मात्यांना कळत नव्हतं असंही नाही. २०२२ चा तो ‘शेवटचा’ भाग आठवावा. हाताशी सगळा मालमसाला होता, आणि आता पुढे काही चालवायचं नसल्यामुळे अख्खं एरिन्सबरो, म्हणजे मालिकेतलं ते सगळं उपनगर, बेचिराख केलं असतं तरी चाललं असतं. त्यांनी एकही गोष्ट उडवली नाही. गल्लीत टेबलं मांडली. गाय पीअर्सचा माइक मोटरसायकलवर परत आला आणि तीस वर्षांपूर्वीच्या प्रेयसीजवळ, जेनजवळ, थांबला. स्कॉट आणि शार्लीन गाडीतून उतरले, मोजकी वाक्यं बोलले, इकडेतिकडे पाहत राहिले.