जमीन विका, वाट विकू नका



वडवणी तालुक्याचे गाव झाले, नगरपंचायत आली आणि बीड-परळी रस्त्याकडेच्या जमिनीला गुंठ्याचा भाव आला. कोरडवाहू रानात कापूस-ज्वारी काढून हाती काय उरते ते आपण जाणतो. अडलेला शेतकरी जमीन विकतो, त्याला दोष देण्याचे कारण नाही. पण जमिनीबरोबर तो वाटही विकून बसतो.

भावाभावांत वाटण्या होऊन रानांच्या लांबट पट्ट्या झाल्या. एका पट्टीत प्लॉट पडतात. मधून एक रस्ता काढायचा आणि शेवटच्या प्लॉटाच्या भिंतीशी संपवायचा. शेजारच्या पट्टीतही तेच. पलीकडच्या घरी जायचे तर डांबरीवर येऊन वळसा. आणि मागचे रान कसणाऱ्याची बैलगाडी? कडबा आणि वेचलेला कापूस त्याने डोक्यावर आणायचा काय?

मुंबईला ही अक्कल १८९६ च्या प्लेगने शिकवली. १८९८ साली इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट निघाला. दादर-माटुंग्याला आधी रस्ते आखले, मग घरे उठली. अमेरिकेत नव्या वस्त्यांतल्या बंद रस्त्यांचे खूळ १९९४ च्या सुमारास शिगेला पोचले आणि मग उतरू लागले, असे २०१५ सालच्या एका अभ्यासात दिसले. घर पाडून पुन्हा बांधता येते. चुकलेला रस्ता पिढ्यान्‌पिढ्या चुकलेलाच राहतो.

कोणी म्हणेल, रस्ता पुढे नेला तर दोन गुंठ्यांचे पैसे बुडाले. हिशेब मांडा. मागचे रान अडले की त्याला गिऱ्हाईक नाही. मग ते पडेल त्या भावाने घेणारा पुन्हा प्लॉटवालाच!

म्हणून विकण्याआधी बांधाला बांध असणाऱ्यांनी एकत्र बसावे. रस्ता पलीकडच्या बांधापर्यंत खुला राहील, हे खरेदीखतात आणि नकाशात लिहून घ्यावे. गावनकाशावरची पाणंद कोणाच्या मालकीची नाही, ती विकू देऊ नये. रानाला वाटच नसेल तर जमीन महसूल अधिनियम १९६६ च्या कलम १४३ खाली तहसीलदाराकडे बांधावरून वाट मागता येते. चालती वाट कोणी अडवली तर मामलेदार न्यायालय अधिनियम १९०६ च्या कलम ५ खाली दावा करावा. मात्र सहा महिन्यांच्या आत.

भिंत उभी राहण्याआधी बोला. नंतर तारखा मोजाव्या लागतात.